ऐकण्याचा परवाना

आमच्या गावात कुणी घरी नसलं आणि ‘कुठं गेलाय?’ असं विचारलं, तर पूर्वी तीनच उत्तरं मिळायची. खाडीवर, बाजारात नाहीतर मशिदीत. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यात चौथं उत्तर आलं. ‘रेंजला गेलाय.’

दाभोळच्या खाडीकाठी, डोंगराच्या कुशीत आमचं गाव. मोबाइलचा टॉवर आहे, पण तो डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. त्यामुळं वरच्या वाडीकडं जाणाऱ्या चढावर एक मोठा जांभ्याचा दगड आहे, तिथं उभं राहिलं की फोनवर दोन रेघा दिसायच्या. दगडाखाली उतरलं की एक. घरात आलं की तीही गेली. संध्याकाळी त्या दगडापाशी गर्दी असायची. कुणाचा मुलगा मुंबईला, कुणाचा कुवेतला, कुणाचा बोटीवर. एकमेकांकडं पाठ करून सगळे मोठमोठ्यानं बोलत असायचे आणि कुणाचं गुपित कुणापासून राहायचं नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., नोकरी वाचनालयात. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला. पण २०१७ साली माझ्या हातून एक गोष्ट घडली, आणि तिच्या निमित्तानं मला या रेंजच्या इतिहासात शिरावं लागलं. ती गोष्ट आणि तो इतिहास, दोन्ही आज सांगायचं आहे.

सुरुवात अम्मीपासून करतो, कारण सगळं तिच्यासाठी केलं होतं.

माझा थोरला भाऊ १९८९ साली कुवेतला गेला. त्या काळी पत्राला पंधरा-वीस दिवस लागत. ज्यांना लिहिता येत नसे ते कॅसेटमध्ये बोलून ती कॅसेट सुट्टीवर येणाऱ्याच्या हातानं पाठवत. आमच्याकडं अशा चार कॅसेट आल्या होत्या. पाचवी यायच्या आत २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. टपाल बंद, फोन बंद. अम्मी रेडिओपाशी बसली ती उठेचना. बातम्यांत भावाचं नाव येणार नाही, हे तिलाही कळत होतं. तरी ती प्रत्येक बातमीपत्र ऐकायची. पुढं भारत सरकारनं अम्मानमार्गे विमानं लावून एक लाख सत्तर हजारांहून अधिक माणसं परत आणली. त्यांत माझा भाऊ होता. तो मुंबईला उतरल्याचा निरोप दापोलीच्या एका एस.टी.डी. बूथवर आला आणि तिथून एक मुलगा सायकल मारत आमच्या घरी आला. त्या दोन महिन्यांनंतर अम्मीला एकच सवय लागली. परदेशातल्या माणसाचा आवाज दर आठवड्याला कानावर पडला पाहिजे. नुसती खुशाली कळून तिचं भागत नाही, आवाजच लागतो.

भाऊ पुन्हा कुवेतला गेला, त्यानं पैसे पाठवले, जुनं कौलारू घर पाडून आम्ही स्लॅबचं घर बांधलं. जुन्या घरात, माळ्याच्या खिडकीपाशी का होईना, फोन लागायचा. नव्या घरात काही केल्या लागेना. कारण सोपं आहे, पण मला ते फार उशिरा कळलं. फोनच्या लहरी कौलांतून, लाकडातून बऱ्यापैकी आत येतात. स्लॅबमध्ये मात्र लोखंडी सळयांची जाळी असते, खिडकीला लोखंडी गज आणि ॲल्युमिनियमच्या चौकटी. लोखंडाची ही जाळी लहरींना अडवते. सुखाचं घर बांधलं आणि आवाजाला बाहेर ठेवलं, असं आमचं झालं. अम्मीचे गुडघे तोवर गेले होते. गच्चीवर चढणं नाही, दगडापर्यंत जाणं तर नाहीच.

अशा वेळी मुंबईच्या एका बाजारात मला ते यंत्र मिळालं. दुकानदार म्हणाला, “चाचा, घरी बसून पाच रेघा.” पावती त्यानं दिली नाही आणि मीही मागितली नाही. खोक्यात तीन वस्तू होत्या. गच्चीवर लावायची एक ॲंटेना, खोलीत लावायची दुसरी लहान ॲंटेना आणि दोहोंच्या मध्ये केबलनं जोडायचा एक डबा.

गच्चीवरची ॲंटेना पाहून मला हसू आलं. मधोमध एक दांडी आणि तिच्यावर आडव्या काड्या. आपल्या पिढीनं घराघरांवर पाहिलेली, वाऱ्यानं फिरली की ‘आलं का? आलं का?’ असं ओरडायला लावणारी ती टीव्हीची ॲंटेना, तिचीच ही लहान बहीण. तिचा जन्म १९२६ सालचा, जपानमधला. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या दोन अध्यापकांनी तोहोकू विद्यापीठात ती शोधली. गंमत अशी की जपानमध्ये तिची फारशी कदर झाली नाही. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारची टिपणं सापडली. त्यांत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. त्याचा अर्थ कुणालाच लागेना. शेवटी एका ब्रिटिश कैद्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे.” घरच्या माणसाची ओळख परक्यानं करून द्यावी, हे काही फक्त आपल्याकडंच घडतं असं नाही.

आता त्या डब्याचं काम. टॉवरपासून निघालेली लहर दगडापाशी पोचते तेव्हा ती किती क्षीण झालेली असते? एका वॅटचे दहा लाख कोटी भाग करा, त्यातला एखादा भाग. इतक्या कमी शक्तीवर आपला फोन बोलणं ओळखतो, हेच मोठं नवल आहे. गच्चीवरची ॲंटेना ती लहर पकडते, डबा तिला मोठी करतो आणि खोलीतली ॲंटेना ती पसरते. फोनचा आवाज उलट्या वाटेनं टॉवरकडं जातो. डब्यावर ७० डेसिबल असं लिहिलं होतं. ७० ऐकायला लहान वाटतं, पण या मोजणीत दर दहाला दसपट होते. म्हणजे ७० डेसिबल याचा अर्थ एक कोटी पट.

दूरच्या क्षीण आवाजाला वाटेत पुन्हा बळ द्यायचं, ही कल्पना मोबाइलपेक्षा फार जुनी. लांबच्या टेलिफोन तारेत बोलणं वाटेतच विरून जायचं. मग तारेच्या टप्प्याटप्प्यांवर निर्वात नळीचे वर्धक बसवले, आणि २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कमधून ग्रॅहॅम बेल सॅन फ्रान्सिस्कोमधल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याशी, वॉटसनशी, बोलले. सुमारे साडेपाच हजार किलोमीटरची तार. आपल्याकडं मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झालं, पण सह्याद्री मध्ये आडवा. मग पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहिला. त्यानं मुंबईचं चित्र उचलायचं आणि पुण्याला द्यायचं. माझा डबा सिंहगडाच्या मनोऱ्याचाच वंशज होता. फरक एवढाच की सिंहगडावरचा मनोरा ठरवून, मोजून, परवानगीनं उभा केलेला होता.

ॲंटेना मी बांबूला बांधून गच्चीवर उभी केली. खालची ॲंटेना बरोबर तिच्याखाली, अम्मीच्या खोलीच्या छताला. वायर कमी लागावी म्हणून. बटण दाबलं आणि फोनवर खरोखरच पाच रेघा आल्या. त्या शुक्रवारी नमाजनंतर भावाचा फोन अम्मीनं पलंगावर बसून घेतला. बोलणं संपल्यावर ती म्हणाली, “आज तो खोकत होता. त्याला सांग, ए.सी.त झोपू नको.” दगडावरून मी आणून दिलेल्या खुशालीत खोकला कधी आला नव्हता.

दोन-तीन आठवड्यांनी एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. शेजारपाजारचे फोन लागेनात. दगडापाशी उभं राहूनही लागेनात. लागले तर मध्येच तुटत. सगळे कंपनीला शिव्या देत होते. फक्त आमच्या घरात फोन लागत होता. मग लोक आमच्याकडं येऊ लागले. अम्मी सगळ्यांना चहा द्यायची. मला, खरं सांगतो, अभिमान वाटत होता. आपण गावाची सोय केली, असं वाटत होतं.

एका रात्री दोनच्या सुमारास दार वाजलं. शेजारचे निवृत्त गुरुजी. धापा टाकत उभे. “अरे, तुझा फोन दे. हिला श्वास घेता येईना. माझ्या फोनवरून रिक्षावाल्याला पाऊण तास लावतोय, लागतच नाही.” माझ्या फोनवरून पहिल्याच खेपेला लागला. रिक्षा आली, काकूंना दापोलीला नेलं, त्या वाचल्या. सकाळी गुरुजी घरी येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तू होतास म्हणून.” मीही ते खरं मानलं.

पुढच्या महिन्यात एक गाडी गावात आली. दोन-तीन माणसं, त्यांच्या हातात ती काड्यांची ॲंटेना आणि एक मोजायचं यंत्र. ती फिरवत फिरवत ते चढ उतरले आणि थेट आमच्या अंगणात येऊन थांबले. त्यांतला एक साहेब माझ्याच वयाचा होता. तो ओरडला नाही. डबा बंद करायला लावला, आपल्या यंत्रावरचा आकडा मला दाखवला आणि विचारलं, “देवळात, मशिदीत, मांडवात माइक किंचाळतो, ऐकलंय ना?”

कुणी ऐकलेलं नाही? माइक कर्ण्याच्या समोर आला की कर्ण्याचा आवाज माइकमध्ये, माइकचा पुन्हा कर्ण्यात, असा फेरा सुरू होतो आणि सगळा मांडव कानांवर हात ठेवतो. माझ्या घरात तेच चाललं होतं. दोन ॲंटेना एकमेकींच्या डोक्यावर-पायाशी होत्या. खोलीतली जे पसरवी ते गच्चीवरची ऐके आणि पुन्हा डब्यात टाकी. एक कोटी पटीचा तो डबा किंचाळत होता आणि ते किंचाळणं थेट टॉवरच्या कानात जात होतं. त्या गोंगाटात गावातल्या फोनचे नाजूक आवाज टॉवरला ऐकू येत नव्हते. माझा आवाज डब्यामुळं मोठा, म्हणून तेवढा पोचत होता.

म्हणजे गुरुजींचा फोन त्या रात्री पाऊण तास का लागला नाही, याचं उत्तर माझ्या छताला टांगलेलं होतं.

वर्धकांचा इतिहास मी नंतर वाचला. वर्धकांतून जाताना आवाज विकृत होतो, या दोषानं टेलिफोनचे अभियंते वर्षानुवर्षं हैराण होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा एकोणतीस वर्षांचा अभियंता हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाला होता. आपण दाभोळहून धोपाव्याला जातो, तसाच. नदी ओलांडता ओलांडता त्याला उपाय सुचला. वर्धकातून निघालेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे वर्धक स्वतःच स्वतःला आवरतो. जवळ कागद नव्हता म्हणून त्यानं हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर आकृती काढली. स्वच्छ आवाज मिळवायचा असेल तर आधी त्यातला थोडा सोडून द्यावा लागतो, हे त्याचं सूत्र. आज चांगल्या बनावटीच्या वर्धकाला हा लगाम असतो. शिवाय किंचाळणं सुरू होताच आपोआप बंद होणारे बूस्टरही असतात. माझ्या स्वस्त डब्यात तशी काहीच सोय नव्हती.

साहेबांनी डबा ताब्यात घेतला, कागदावर सही घेतली, ताकीद दिली. मी विचारलं, “साहेब, पण मी माझ्या घरात, माझ्या पैशानं लावलं होतं.” ते म्हणाले, “घर तुमचं आहे. लहरी तुमच्या नाहीत.” आणि त्यांनी १९३३ च्या कायद्याचं नाव घेतलं.

ते नाव ऐकलं आणि मला अब्बा आठवले.

अब्बा बोटीवर होते. रजेवर आले की त्यांचं एक काम ठरलेलं असे. ट्रंकेतून एक लहान पुस्तक काढायचं आणि मला बरोबर घेऊन टपाल कचेरीत जायचं. ते रेडिओचं लायसन्स. वर्षाचे पैसे भरायचे, पोस्टमास्तर तिकिटं चिकटवून त्यावर शिक्का मारायचे. आमचा रेडिओ म्हणजे भिंतीवरच्या फळीवरचं एक खोकं आणि माळ्यावर आडवी बांधलेली तांब्याची जाळीदार पट्टी. त्यावर सिलोन लागायचं, मुंबई लागायची. तरुण श्रोत्यांना खोटं वाटेल, पण त्या काळी नुसतं ऐकायला परवाना लागत असे.

त्यामागंही इतिहास आहे. २३ जुलै १९२७ रोजी, म्हणजे ब्लॅकला ती कल्पना सुचायच्या दहा दिवस आधी, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. घरी रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क, आणि त्यावरच मुख्यतः कंपनी चालायची. परवाने पुरेसे निघाले नाहीत. १९३० साली कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारनं हाती घेतलं. चोरून ऐकणाऱ्यांना धरायचं तर जुन्या, १८८५ च्या तार कायद्यात पुरेशी सोय नव्हती. म्हणून १९३३ चा बिनतारी तारायंत्रांचा कायदा आला. परवान्याशिवाय असं यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला. पुढं १९८० च्या दशकाच्या मध्यावर घरगुती रेडिओ आणि टीव्हीचे परवाने रद्द झाले, आणि त्या कायद्याची आपल्याला आठवणही उरली नाही. कायदा मात्र होता. अलीकडं त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. पण लहरी सगळ्यांच्या आहेत आणि त्यांत आवाज टाकायचा तर विचारून टाकावा, हे मूळ तत्त्व तसंच राहिलं.

सगळीकडं बंदीच आहे असं नाही. अमेरिकेत २०१३ साली ठराविक कसोटीला उतरणारे घरगुती बूस्टर मोबाइल कंपनीकडं नोंद करून लावायची मुभा मिळाली. ब्रिटननंही २०१८ मध्ये घरातल्या काही बूस्टरना वाट मोकळी केली. आपल्याकडं मात्र हे काम परवानाधारक कंपन्यांचं. बाजारातून डबा आणून आपणच गच्चीवर चढायचं, याला परवानगी नाही. हे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. डोंगराआडच्या गावानं किती वर्षं दगडावर उभं राहायचं, हा प्रश्न मीही विचारतो. मोबाइल भारतात ३१ जुलै १९९५ रोजी आला. त्या दिवशी कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीत सुखराम यांच्याशी बोलले. इतक्या वर्षांनंतरही एखाद्या म्हातारीला घरात बसून मुलाशी बोलता येऊ नये, ही तक्रार खरीच आहे. पण तिच्यावरचा माझा इलाज दुसऱ्याच्या गळ्यावर बसला होता, हेही तितकंच खरं.

डबा गेल्यावर मी गुरुजींकडं गेलो. काकू ओटीवर तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या रात्री मी तुझ्या दारात आलो, तेव्हा तुलाही माहीत नव्हतं ना?” मी म्हटलं, “नव्हतं.” “मग झालं,” ते म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन पाणी आणलं. मला वाटतं, त्यांना बोलायचं होतं. त्या बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतरची तीन वर्षं दर शुक्रवारी आम्ही दोघं भाऊबंद अम्मीला खुर्चीसकट उचलून चढावरच्या दगडापाशी नेत होतो. पावसात एकजण छत्री धरायचा. कधी गुरुजी धरायचे. देशात २०१९ च्या अखेरीस वाय-फायवरून साधा फोन लावायची सोय सुरू झाली. २०२१ साली आमच्या गावात फायबरची तार आली. आता अम्मीच्या खोलीत फोन वाजतो. लहर टॉवरकडून येत नाही, तारेतून येते. कुणाचा आवाज न दाबता येते. ज्यांच्या घरी रेंजची अडचण आहे आणि इंटरनेट आहे, त्यांनी आपल्या फोनमध्ये ही सोय आहे का ते पाहावं. ती नसेल तर कंपनीकडं लेखी तक्रार करावी, पाठपुरावा करावा. माझ्यासारखा डबा आणू नये.

परवा ट्रंक आवरताना अब्बांचं ते लायसन्सचं पुस्तक सापडलं. कडा कुरतडलेल्या, शिक्के पुसट. रजा चुकली त्या वर्षीची तिकिटंही त्यांनी पुढच्या खेपेला भरून घेतलेली दिसतात. मी ते अम्मीला दाखवलं. तिनं चष्मा लावून पानं उलटली आणि म्हणाली, “नुसतं ऐकायचे पैसे भरायचा तुझा बाप. लोक हसायचे त्याला.”

मग तिनं ते पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि फोन जवळ सरकवून ठेवला. शुक्रवार होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)